मलेरकोटल्याहून आणलेली कादंबरी

आमच्या घरात माणसं तीन, पण लोखंडी घडीच्या खुर्च्या मात्र एखाद्या कार्यालयात असाव्यात इतक्या होत्या. बाबा चंदीगडला वैद्यकीय संशोधनाच्या नोकरीत होते. पंधरा सेक्टरमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो, आणि त्या खुर्च्या आईच्या भिशीसाठी होत्या. लोकांच्या भिशीत पैसे फिरतात, आईच्या भिशीत पुस्तकं फिरायची. शहरातली मराठी घरं, म्हणजे हवाई दलातली, लष्करातली, विद्यापीठातली, महिन्यातून एका रविवारी दुपारी आमच्याकडे जमायची. डब्यातून एका घराची चिठ्ठी निघायची आणि त्या घराला सगळ्यांनी मिळून एक पुस्तक द्यायचं. पुस्तक पुण्याहून पोस्टानं यायचं आणि ज्याला द्यायचं त्याच्या आधी ते आई वाचून काढायची. न वाचलेलं पुस्तक देणं म्हणजे चव न बघता आमटी वाढणं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्या भिशीतलं कुठलंही पुस्तक कोरं करकरीत असं कुणाला मिळालं नाही. कुठे हळदीचं बोट, कुठे पानात राहून गेलेली बडीशेप. त्याबद्दल कुणी तक्रार केली तर आई म्हणायची, "वाचल्याची खूण आहे ती. पुसू नका."

या दुपारचा मानाचा कार्यक्रम म्हणजे वाचनवार्ता. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी, निमकर काकू, रेडिओवरच्या बाईंसारखा गळा साफ करून सुरुवात करायच्या आणि मग एकेकानं आपण सध्या काय वाचतोय, ते कुठवर आलंय आणि पुढे वाचावं की सोडून द्यावं, ते सांगायचं. पुण्यामुंबईला कुठलं पुस्तक गाजतंय, कुणाच्या दिवाळी अंकात काय आलंय, हे सुट्टीवरून परतलेला माणूस सांगायचा आणि बाकीचे असे कान देऊन ऐकायचे की गावाकडचं लग्न ठरल्याची बातमी असावी. पोह्यांच्या बशा, खोबऱ्याच्या वड्या, खुर्च्यांची करकर आणि मध्येच कुणीतरी चढ्या आवाजात, "छे छे, शेवट सांगू नका हं!" हे शेवटचं वाक्य नेहमी आईला उद्देशून असायचं. शेवट न सांगणं तिला जमायचंच नाही. पुस्तक हातात देता देता ती सगळी गोष्ट सांगून मोकळी व्हायची, आणि वर म्हणायची, "पण तुम्ही वाचा हं, मजा येईल."

बीजी या भिशीत आल्या त्या भांडायला म्हणून. बीजी म्हणजे आमच्या घरमालकीण, खाली एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा कॅनडात. पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी चुन्नी, हातात कडं, आणि आवाज असा की गेटवरच्या भाजीवाल्याला स्वयंपाकघरातून भाव पाडायला लावायच्या. एका रविवारी खुर्च्यांचा आवाज असह्य होऊन त्या जिना चढून आल्या. दार उघडं होतं. त्या चौकटीत उभ्या राहून म्हणाल्या, "पुष्पा! ऊपर फ़ौज उतरी है क्या?" आईनं घाबरून हातातली थालीपिठाची बशी त्यांच्यापुढे केली. बीजींनी एक तुकडा तोडला, चावला, दुसरा तोडला, आणि मग निमकर काकूंच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "यह क्या है? मक्खन के बिना कौन खिलाता है इसे?" पुढच्या महिन्यापासून त्या सगळ्यांच्या आधी हजर, हातात घरच्या पांढऱ्या लोण्याचा वाडगा. मराठी त्यांना येत नव्हतं. आई शेजारी बसून आपल्या त्या भयंकर सांगलीकडच्या हिंदीत त्यांना सगळं समजावून सांगायची. "बीजी, वो जो बाई है ना, उसका नवरा भाग गया, तो उसने शाळा काढी." बीजी मान डोलवायच्या. बायकांनी एकमतानं ठरवलं की बीजींची चिठ्ठीही डब्यात टाकायची.

त्यांची चिठ्ठी निघाली की त्यांना काय द्यायचं याबद्दल आमच्याकडे कुणाच्या डोक्याला त्रास झाला नाही. मराठी येत नाही ना, मग हिंदी द्यायचं, झालं! सतरा सेक्टरमधल्या दुकानातून चांगली जाडजूड हिंदी कादंबरी आणायची, आईनं वाचायची, गोष्ट सांगून टाकायची, बीजींनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायची. आणि पुढच्या वाचनवार्तेत त्या जे काही सांगायच्या! नायकाला झोडपून काढायच्या, सासूची बाजू घ्यायच्या, एकदा तर एका नायिकेच्या वडिलांना त्यांनी अशी शिवी घातली की निमकर काकूंच्या हातातली बशी हलली. आमच्यात सगळ्यात मन लावून कोण वाचतं तर बीजी, असं आई सगळ्यांना सांगत फिरायची. मला उदाहरण म्हणून द्यायची. मी तेव्हा आईला सर्रास हिंदीत उत्तरं द्यायचे आणि मराठी पुस्तक दिसलं की मला झोप यायची. "बघ त्या बीजी! त्यांचं वय बघ आणि तुझं बघ," ही ओवी मी रोज ऐकली आहे. अजूनही माझं मराठी कुठे अडलं तर "यार" आधी आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

मग दिवस फिरले. पंजाबातल्या अतिरेक्यांच्या त्या वर्षांत ते कसे फिरले हे वर्तमानपत्रात आहे, मी लिहायची गरज नाही. मला आठवतं ते एवढंच की संध्याकाळ लवकर व्हायला लागली. ऊन असतानाच दुकानांची शटरं खाली यायची. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यांच्यामागे शिपाई. बसमध्ये चढलं की आधी वाकून सीटखाली बघायचं, आणि सिनेमाला तर जायचंच नाही. बाबा कामावरून यायला जरा उशीर झाला की आई गॅलरीत आणि बीजी खाली गेटवर, दोघी रस्त्याकडे बघत उभ्या. मराठी घरं एकेक करून बदली मागून घेत होती. रविवारी मांडायच्या खुर्च्या कमी होत गेल्या आणि शेवटी आम्ही, निमकर काकू आणि बीजी एवढेच उरलो. बाबा भित्रे होते. हे मी प्रेमानं लिहिते आहे, त्यांना स्वतःलाही ते मान्य होतं. त्यांनीही पुण्याला अर्ज करून ठेवला होता. आणि एके दिवशी बीजींच्या मुलाचा फोन आला. घर त्यानं एका ओळखीच्या माणसाकडे सोपवायचं ठरवलं होतं, तिकीट पाठवत होता. बस झालं, आता इकडे या. बीजी वर आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि लोण्याचा वाडगा मांडीवरच ठेवून म्हणाल्या, "पुष्पा, मैं जा रही हूँ. बैसाखी के बाद." आई उठून आत गेली आणि विनाकारण तांदूळ निवडत बसली.

त्या आवराआवरीत मदतीला आईनं मला खाली पाठवलं. बीजींच्या खोलीत एक मोठी लोखंडी पेटी होती. ती उघडली तर वरच आमच्या भिशीची सगळी हिंदी पुस्तकं, प्रत्येक वेगळ्या फुलकारीच्या, म्हणजे रेशमी भरतकामाच्या, तुकड्यात गुंडाळलेलं, मध्ये कापूर. मी एक सोडवून बघितलं. आईच्या हळदीचं बोट होतं तिथेच होतं, बडीशेप होती तिथेच होती, आणि त्याखेरीज त्या पुस्तकाला कुणाचा हातसुद्धा लागल्यासारखा दिसत नव्हता. बीजी पलंगावर बसल्या होत्या, नाकावर चष्मा, हातात त्यांचा तो रोजचा उर्दू पेपर. तो पेपर रोज सकाळी गेटवर धप्पकन पडायचा. आमची समजूत अशी की तो त्यांच्या यजमानांच्या वेळेपासून चालू आहे आणि बंद करायचा राहून गेला आहे. आई तर त्याची रद्दी मागून आणून स्वयंपाकघराच्या फडताळात अंथरायची! आणि त्या दिवशी मी नीट बघितलं तर बीजींचे डोळे उजवीकडून डावीकडे ओळीमागून ओळ सरकत होते, ओठ किंचित हलत होते. मी विचारलं, "बीजी, आप यह पढ़ती हो?" त्या म्हणाल्या, "लो! और क्या पंखा करती हूँ इससे?" मग माझ्या हातातलं पुस्तक त्यांना दिसलं. चष्मा काढला. मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "कुड़िए, मैं लाहौर के स्कूल में पढ़ी हूँ. वहाँ उर्दू थी. हिंदी बोल लेती हूँ, पढ़नी किसने सिखाई मुझे?" मी विचारलं, मग वाचनवार्ता? त्या मोठ्यानं हसल्या. "तेरी माँ कहानी छोड़ती है कोई? सारी तो सुना देती है! अपनी माँ को मत बताना, उसका दिल टूटेगा."

मी अर्थातच जिना चढून जाईपर्यंतसुद्धा दम धरला नाही. आईनं ऐकलं आणि मला सगळं परत एकदा सांगायला लावलं. आधी तिला विश्वासच बसेना. आमच्यासारख्यांच्या डोक्यात ते येणारच कसं? आपली मराठी आणि हिंदी एकाच लिपीत, त्यामुळे ज्याला हिंदी बोलता येतं त्याला ती वाचता येणारच, हे आम्ही धरूनच चाललो होतो. मग ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "अगं, इतकी वर्षं मी त्या बाईला एक पुस्तक दिलं नाही गं," ती म्हणाली. "नुसते कागद दिले. आणि तिनं ते कापूर घालून ठेवले." त्याच पावली फडताळातले सगळे उर्दू पेपर तिनं काढले, हातानं सपाट केले आणि घडी घालून ठेवून दिले. रात्री जेवताना बाबांना म्हणाली, "अहो, जायच्या आधी बीजींना उर्दू पुस्तक द्यायचं. वाचता येईल असं. एक तरी."

परवा माझ्या सुनेनं मला फोनवर काहीतरी पाठवलं, पुस्तकवेड्यांना काय भेट द्यावी याची यादी. पुस्तकाला चिमट्यानं लावायचा दिवा, 'गप्प बसा, मी वाचतेय' असं छापलेला मग, पुस्तकांची चित्रं असलेले मोजे. मोजे! वाचणाऱ्या माणसाला मोजे कशाला देता रे बाबांनो? यादीत एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे त्या माणसाला वाचता येईल असं पुस्तक. मी सुनेला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही कशालाही नावं ठेवता." ठेवते, काय करू?

तर चंदीगडात उर्दू पुस्तक कुठेच मिळेना. बाबांच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, मलेरकोटल्याला मिळेल, तिथे मुसलमान वस्ती आहे, उर्दू पुस्तकांची दुकानं आहेत. आणि बाबांना त्याच आठवड्यात कामासाठी लुधियान्याला जायचं होतं. आईनं काही हट्ट केला नाही, फक्त म्हणाली, "लुधियान्याहून फार लांब नाही म्हणतात." बाबांनी तिच्याकडे बघितलं. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि चहा पिऊन ते मिटलं. सकाळी सतरा सेक्टरच्या अड्ड्यावरून ते सरकारी बसनं निघाले. दिवे लागायच्या आत परत येतो म्हणाले. त्या दिवसांत घरातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस हेच सांगून निघायचा.

दिवे लागले. बाबा आले नाहीत. आई गॅलरीत, बीजी गेटवर. मग बीजी जिना चढून वर आल्या. "डॉक्टर साब कहाँ गए हैं?" आईनं लुधियाना सांगितलं. "लुधियाने की बस तो कब की आ गई." मग आईच्या तोंडून मलेरकोटला हा शब्द निघाला आणि त्यामागोमाग सगळंच निघालं, पुस्तक, पेटी, कापूर, सगळं. बीजी तिच्यासमोर उभ्या होत्या. मला वाटलं आता रडतील. त्या ओरडल्या. आयुष्यात मी कुणाला इतकं ओरडताना ऐकलेलं नाही. "किताब के लिए? तेरा दिमाग़ ठीक है पुष्पा? रोज़ अख़बार में मैं पढ़ती हूँ बसों का क्या हो रहा है, और तूने आदमी को किताब लेने भेज दिया? मेरे लिए?" आणि मग त्याच बीजी खाली बसल्या, आईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि हळू आवाजात त्यांचा गुरबाणीचा पाठ म्हणायला लागल्या. ती रात्र मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरी त्या वर्षांत अशी रात्र झाली त्यांना माहीत आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरी सकाळी कुणी आलं नाही.

आमच्या घरी आले. ऊन वर आलं तेव्हा गेट वाजलं आणि बाबा आत आले, केस विस्कटलेले, शर्टावर डाळीचा डाग, बगलेत पुस्तक. काही झालं नव्हतं. परतताना अंधार पडायला लागला तसं चालकानं बस वाटेतल्या एका गावात थांबवली, पुढे न्यायला तो तयार नव्हता. गावच्या गुरुद्वारात सगळ्या प्रवाशांना जेवू घातलं, सतरंज्या दिल्या. फोन कुठेच लागत नव्हता. सकाळी नाक्यावर पोलिसांनी पुडकं फाडून बघितलं. एक म्हातारा हवालदार उर्दू वाचणारा निघाला, त्यानं तिथेच उभ्याउभ्या दीड पान वाचून काढलं आणि मागच्या बसवाल्यानं भोंगा वाजवल्यावर नाइलाजानं परत दिलं. ते हे सांगत असताना आई त्यांच्या बाहीला धरून उभी होती. बीजींनी आधी बाबांना फैलावर घेतलं. पंजाबीत. त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही हे बरंच झालं. मग चुन्नीनं डोळे पुसले, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "लाओ, दिखाओ तो सही."

चष्मा लावून त्यांनी पहिलं पान उघडलं. बघत राहिल्या. चेहऱ्यावर काहीतरी विचित्र व्हायला लागलं. मग एकदम पोट धरून हसायला लागल्या. "डॉक्टर साब! पहला हिस्सा कहाँ है? यह तो दूसरा है!" बाबांना उर्दूचा एक अलिफसुद्धा ओळखता येत नव्हता. दुकानदारानं सांगितलेलं, जाडी बघून, बायकांना आवडते म्हणाला म्हणून, त्यांनी घेतलं होतं. जीव मुठीत धरून जाऊन त्यांनी अर्धी कादंबरी आणली होती, आणि तीही नंतरची अर्धी. बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग मी परत—" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आई आणि बीजी दोघी दोन भाषांत एकदम किंचाळल्या. मलेरकोटला हा शब्द आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं निषिद्ध होता.

मग रोज दुपारी बीजी वर यायच्या आणि आम्हाला वाचून दाखवायच्या. पहिल्या दिवशी जरा अडखळल्या. पेपर वाचणं वेगळं आणि मोठ्यानं गोष्ट वाचणं वेगळं. पण लवकरच अशा वाचायला लागल्या की ती आमची ओरडणारी बीजी राहिलीच नाही. आवाज खाली आला, मऊ झाला. लाहोरच्या शाळेतली दोन वेण्यांची मुलगी धडा वाचायला उभी राहिली आहे असं वाटायचं. पहिल्या भागात काय झालं असेल ते त्यांनीच रचून आम्हाला सांगितलं होतं आणि पुढे एखादं पात्र त्याच्याशी जुळेना तेव्हा त्या लेखकावर उखडायच्या. कठीण शब्द आला की थांबून आईला समजावायच्या. आता शेजारी बसून मान डोलवायची पाळी आईची होती. निमकर काकू यायच्या. बाबा रजा टाकून घरी थांबलेले, तेही कोपऱ्यात बसून ऐकायचे. मीसुद्धा ऐकायचे, आणि मला झोप आली नाही. सुरुवातीला बीजी भराभरा वाचायच्या. मग बैसाखी जवळ आली तशा हळू वाचायला लागल्या. एकेक वाक्य दोनदा वाचायच्या. आणि मजकूर रंगात आला की आई नेमकी चहा करायला उठायची. दोघी काय करत होत्या ते दोघींना कळत होतं. मला मात्र तेव्हा दोघींचाही राग यायचा, पुढे काय झालं ते ऐकायचं असायचं मला!

जायच्या आदल्या दुपारी शेवटची काही पानं उरली होती. बीजींनी पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "बीजी, खतम करो ना. आज तो खतम करो." बीजींनी पुस्तक पिशवीत घातलं. "नहीं. यह वहाँ जाकर पढ़ूँगी. पहले दिन वहाँ मैं करूँगी क्या, पुष्पा? लड़का काम पर चला जाएगा, बहू काम पर चली जाएगी. कुछ तो हो मेरे पास करने को." आईनं पदरानं नाक पुसलं आणि आपल्या त्या हिंदीत म्हणाली, "तो जोर से पढ़ना. दुपार को, चाय के टाइम. मैं इधर बैठती." बाबा कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "अगं, त्यांची दुपार म्हणजे आपल्याकडे पहाट असते."

"मग पहाटे बसेन," आई म्हणाली.

आणि बसली. शाल पांघरून, दोन खुर्च्या मांडून, गॅलरीचं दार उघडं टाकून. बाबांनी उठून चहा केला.